बंद करू नये

आमचं मूळ गाव नांदेडकडचं, पण गावचं मला काही विचारू नका, मी तिथं सगळं मिळून चार-पाच वेळा गेलो असंल, लग्नाला नाहीतर मयतीला. माझा जन्म इथलाच, अंबरपेठचा. वडील तरुणपणी हैदराबादला आले आणि मोटर वाइंडिंगच्या दुकानात लागले, दुकान एका म्हाताऱ्या मुसलमान उस्तादांचं होतं, त्यांनी वडिलांना पोटच्या पोरासारखं शिकवलं आणि डोळे मिटायच्या आधी दुकानाच्या किल्ल्या त्यांच्याच हातात दिल्या. पंखे यायचे, कूलर यायचे, पाण्याच्या मोटरी यायच्या. आमच्या घरात तांब्याच्या तारेचे तुकडे सगळीकडं, चटईत, अंथरुणात, एकदा तर वरणात निघाला, आई म्हणली खा आता, रक्त वाढंल.

वडील बोलायचे कमी. पण एक गोष्ट त्यांनी मला कितीदा सांगितली असंल. पंखा चालू केला, घूं घूं आवाज करायलाय पण फिरंना, तर लगेच खोलायचा नाही. आधी ऐकायचं. आवाज येतोय म्हणजे त्याचा जीव आहे, फिरायची इच्छा आहे, फक्त सुरुवात होईना झालीय. मग बोटानं पात्याला हलकं ढकलायचं. ढकललं की फिरतो. लोक काय करतात, आवाज ऐकत नाहीत, डायरेक्ट मेला म्हणतात. हे मी तुम्हाला का सांगायलोय ते पुढं कळंल, लिहून घ्या.

माझं नाव यशवंत. आम्ही बौद्ध. शाळा माझी तेलुगूत झाली, कॉलेज इंग्रजीत, गल्लीत सगळी दखनी उर्दू, पण मराठी आईनं सोडू दिली नाही. ती स्वतः चौथी शिकलेली, रोज संध्याकाळी कॅलेंडरच्या पाठीमागचा मजकूर माझ्याकडून वाचून घ्यायची, चुकलं की परत पहिल्यापासून. आमच्या वयाची इथली मराठी माणसं बघा, बोलतात सगळी, वाचायला दिलं की चष्मा घरी राहिला म्हणतात. मी वाचतो, लिहितो, अक्षरही चांगलं आहे माझं. त्याचा मला जरा गर्व होता, खोटं कशाला बोलू.

तर नोकरी. हिमायतनगरात एका डॉक्टरांची तपासणी लॅब होती, रक्त, लघवी, एक्सरे, सगळं. डॉक्टर तेलुगू, माणूस हुशार, तोंडानं फटकळ. मी तिथं टायपिस्ट म्हणून लागलो, रिपोर्ट टाइप करायचे. तेव्हाचे दिवस तुम्हाला आठवत असतील, देश खुला झाला म्हणायचे, घरोघरी केबल आली, जिथं बघावं तिथं कॉम्प्युटर शिकवायच्या पाट्या. डॉक्टर एक दिवस म्हणले, टाइपरायटर विकायचे, आता सगळं कॉम्प्युटरवर. बाकीचे घाबरले. मी संध्याकाळी लॅब सुटली की दिलसुखनगरला क्लासला जायला लागलो, वर्षभर गेलो, बसमध्ये उभ्यानं नोट्स वाचायचो. आणि लॅबमध्ये सर्व्हर आला तेव्हा त्याची किल्ली डॉक्टरांनी माझ्या हातात दिली. घरी येऊन वडिलांना सांगितलं, ते हातातली तार ठेवून उठले, हात धुतले आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

सर्व्हर म्हणजे काय, तर सगळ्यांचा मोठा कॉम्प्युटर. रिसेप्शनला एक स्क्रीन, लॅबमध्ये एक, डॉक्टरांच्या खोलीत एक, पण सगळे रिपोर्ट साठायचे ते आतल्या एसीच्या खोलीत त्या एका मशीनमध्ये. आम्ही चप्पल बाहेर काढून आत जायचो, देवळात गेल्यासारखं. कुणाचा चार वर्षांपूर्वीचा रिपोर्ट पाहिजे, नाव टाकलं की आला. एखादी बाई म्हणायची, ऑपरेशनच्या डॉक्टरांना जुना रिपोर्ट पाहिजे, तिथल्या तिथं काढून द्यायचो. लोक हात जोडायचे.

आता दिगंबरचं सांगतो. दिगंबर उदगीरकडचा, घरची शेती, पण भाऊ फार, म्हणून हा इकडं आला. गावात सातवीपर्यंत मराठीत शिकलेला, इंग्रजी अडखळत, तेलुगू वाचता येत नव्हतं. आमच्या गल्लीत भाड्यानं राहायचा. मला म्हणला यशवंता, कुठं तरी चिकटव. मी डॉक्टरांच्या मागं लागलो, महिनाभर लागलो, आणि त्याला माझा असिस्टंट म्हणून घेतलं. सगळं मी शिकवलं त्याला, मशीनला कधी हात लावायचा, कधी लावायचा नाही. डबा आम्ही एकत्र खायचो, त्याच्या बायकोची ज्वारीची भाकरी आणि माझ्या आईचा ठेचा. माझ्या लेकीच्या बारशाला पाळण्याची दोरी त्यानं बांधली होती. आणि दसऱ्याचं असं होतं, आमच्यात त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तन दिन, आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, सोनं-बिनं आम्ही वाटत नाही. पण दिगंबर दुसऱ्या दिवशी सकाळी न चुकता खिशात जम्मीची पानं घेऊन यायचा. इथं आपट्याची नसतात, शमीची देतात, तिला जम्मी म्हणतात, आणि पानं देऊन गळाभेट घेतात, अलाय बलाय म्हणतात त्याला. तो म्हणायचा, तुझा देव नसू दे, माझा दोस्त तर आहेस. मी घ्यायचो. तीन वर्षं घेतली.

आता त्या चिठ्ठीचं ऐका. सर्व्हर आम्ही कधी बंद करत नव्हतो. मला क्लासच्या मास्तरांनी सांगितलं होतं, आतली डिस्क वर्षानुवर्षं फिरत राहिली तर फिरत राहती, पण जुनी झाली आणि एकदा थांबली, तर परत उठंल का नाही भरोसा नाही, आतल्या आत चिकटून बसती. आणि आमची चार वर्षं अखंड फिरलेली. त्यात रिपोर्टची दुसरी प्रत घ्यायचं टेपचं मशीन दोन महिन्यांपासून खराब, मी डॉक्टरांना तीनदा बोललो, ते म्हणायचे देखेंगे. म्हणून मी लाल पेनानं एक चिठ्ठी लिहिली आणि स्विचच्या वर चिकटवली. बंद करू नये, कुणीही सांगितलं तरी. मराठीत लिहिली. का, तर त्या खोलीची किल्ली दोघांकडंच, मी आणि दिगंबर, आणि त्याला मराठीच नीट वाचता यायची. आणि खरं सांगू का, त्या एवढ्या ऑफिसात आपली अक्षरं कुठं तरी आहेत हे मला आवडायचं. तीच चूक झाली माझी. तेलुगूत लिहिलं असतं तर डॉक्टरांनी वाचलं असतं, सगळ्यांनी वाचलं असतं.

दसऱ्याला लॅब बंद, मी विहारात. इकडं डॉक्टरांनी सकाळी सगळ्यांना पूजेला बोलावलं. दरवर्षी रिसेप्शनच्या टेबलावर पूजा व्हायची, त्या वर्षी डॉक्टर म्हणले खरं काम तर आतलं मशीन करतंय, पूजा त्याची करायची. आणि त्यांच्या तेलुगू लोकांतही, तुमच्या मराठी हिंदूंच्यातही, दसऱ्याला हत्यारानं काम करायचं नसतं, ते विसावलं पाहिजे, मग पूजा. आपली गाडीसुद्धा इंजिन बंद करूनच पुजतात ना. डॉक्टर म्हणले बंद करो. दिगंबरनं बंद केलं. बंद करायची पद्धत असती, आधी कीबोर्डवर सांगायचं, मग स्विच. त्यानं सरळ स्विच दाबला. हे सगळं बारकाव्यानं मला पद्मानं सांगितलं, रिसेप्शनची मुलगी, ते पण फार नंतर, ती नोकरी सोडून जाताना.

दुसऱ्या दिवशी मी सकाळी पोचलो तर रिसेप्शनला ही गर्दी. पद्मा म्हणली सर, सिस्टम रावट्लेदु, येतच नाही. मी आत पळालो. बघतो तर मशीनला झेंडूचा हार, समोर फोडलेला नारळ, खाली लिंबू, हळदीकुंकू स्विचवर, आणि पंख्याच्या जाळीत पाकळ्या अडकलेल्या. चिठ्ठी नाही. दिगंबर तिथंच उभा, दसऱ्याचा नवा शर्ट दुसऱ्या दिवशीही घालून आलता, आकाशी रंगाचा. मी म्हणलो, दिगंबर, बंद कुणी केलं रे हे? तो माझ्याकडं बघंना. म्हणला, चालू करायलोय कधीपासून, काळ्या पडद्यावर अक्षरं येतात आणि थांबतात.

तेवढ्यात डॉक्टर आले. मी सांगितलं, डॉक्टरसाब, हे बंद करायचं नव्हतं, चिठ्ठी लावली होती मी. डॉक्टर म्हणले कौनसी चिठ्ठी? खोलीच्या दारात सगळा स्टाफ जमलेला, दहा-बारा माणसं, सगळी काल पूजेला होती, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. पद्मा हळूच म्हणली, हो, लाल अक्षरात एक कागद होता खरा. डॉक्टरांनी दिगंबरला विचारलं, उसमें क्या लिखा था?

आणि दिगंबर म्हणला, वो इनके धरम का कुछ था साब. पूजा में अच्छा नहीं दिखता बोलके मैं निकाल दिया.

काय सांगू तुम्हाला. मला आधी कळलंच नाही तो काय बोलला ते. म्हणजे शब्द कळले, पण ते दिगंबरच्या तोंडून आले हे कळंना. डॉक्टर मला म्हणले, पूजा को तुम आया नहीं, मशीन तुम्हारी जिम्मेदारी, ऊपर से अपना कागज़ चिपका के रखा. शाम तक चालू हुई तो ठीक, नहीं तो कल से आना नक्को. आणि गेले. दारातली माणसं पण गेली. मला नोकरीची भीती होती, हौ, होतीच, घरी लहान लेकरू होतं. पण त्याहून जास्त हे लागलं की उद्या मी गेलो तर इथं काय राहील, की तो महार होता, पूजेला आला नाही, धर्माचे कागद चिकटवायचा आणि मशीन बिघडवून गेला. हे लिहा तुम्ही, असंच लिहा.

मग मी दार लावून घेतलं. दिगंबर बाहेर राहिला. हार काढला, तो फेकला नाही, बाजूला खुर्चीवर ठेवला, लिंबू ठेवलं, पाकळ्या चिमट्यानं एक एक काढल्या. चालू केलं. पडदा उजळला, मशीननं स्वतःची मेमरी मोजली, आणि मग तीच ओळ, डिस्क सापडत नाही. फ्लॉपीच्या खाचेत काही अडकलंय का बघितलं, रिकामी. पुन्हा बंद, पुन्हा चालू, तेच. चार स्क्रू काढले, बाजूचा पत्रा काढला. आतली चपटी केबल काढून पुसून परत बसवली. तेच. दुसरी केबल लावली. तेच. डिस्कला करंट जातोय का बघितलं, जात होता. मनात मशीनचं येतच नव्हतं, सारखं तेच वाक्य, इनके धरम का कुछ था. बाहेर कुणाची तरी म्हातारी आई रिपोर्ट मागायली होती, उद्या ऑपरेशन आहे म्हणायली होती, तिचा आवाज आत येत होता, आणि मी तिथं फरशीवर बसून रडायला लागलो. मोठा माणूस, दोन वर्षांच्या लेकीचा बाप.

रडणं झालं की माणसाचं डोकं जरा शांत होतं. मी एसी बंद केला, खोलीत शांतता झाली, आणि पत्र्याला कान लावून मशीन चालू केलं. पंखा फिरत होता. त्याच्या खालून एक बारीक आवाज, हूं, आणि टक. परत हूं, आणि टक. मला एकदम दुकान आठवलं. वडील कान लावून बसायचे तसाच मी बसलेला. जीव आहे याच्यात, म्हणलो, फिरायची इच्छा आहे, सुरुवात होईना झालीय.

पण याला पातं नव्हतं ढकलायला, डिस्क बंद डबीत असती, उघडली की संपली. मग काय केलं, डिस्क तिच्या जागेवरून सोडवली, तारा लावलेल्याच ठेवल्या, तळहातावर आडवी धरली आणि मशीन चालू केल्याबरोबर मनगटाला एक झटका दिला, कुलपात किल्ली फिरवावी तसा, फार जोरात नाही. टक. काही नाही. पुन्हा. काही नाही. मी मनात वडिलांना म्हणलो, बाबा, आता तुम्हीच बघा. तिसऱ्यांदा फिरवली आणि हातात ती थरथरली, बारीक, आणि मग आवाज चढत गेला, चढत गेला, आणि एकसारखा झाला. मी तशीच हातात धरून बसलो, ठेवायची हिंमत होईना. पडद्यावर ओळी पळायला लागल्या.

पण काम तिथं संपत नाही. एकदम स्विच दाबल्यामुळं आतली नोंद विस्कटलेली होती, ती मशीनकडून तपासून दुरुस्त करून घेतली, त्यात दुपार झाली. मग दार उघडून पद्माला सांगितलं, डॉक्टरांना सांग एक नवी डिस्क लगेच मागवा, विचारू नका म्हणावं. डिस्क आली, जोडली आणि सगळे रिपोर्ट तिच्यावर उतरवायला घेतले. तोपर्यंत जुनी डिस्क एका उशीवर ठेवलेली, मी तिच्यापासून हललो नाही, डबा पण खाल्ला नाही. चार वाजता शेवटचा रिपोर्ट उतरला. पहिला कागद त्या म्हातारीचाच काढला. तिनं माझ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

सगळे आत आले, डॉक्टर आले, शाबास म्हणले. आणि दिगंबर, काय सांगू, दिगंबर गर्दीतनं पुढं घुसला, डोळ्यांत पाणी, खरं पाणी होतं, मी काय त्याला ओळखत नाही का, आणि यशवंता म्हणून खिशात हात घातला, मला द्यायला जम्मीची पानं काढली. सकाळपासून ती त्याच्या खिशातच होती. म्हणजे सकाळी मला धर्माचं म्हणला तेव्हा पण होती. पानं माझ्या हातात ठेवली आणि त्यांच्याबरोबर तो घडी केलेला कागद आला. लाल अक्षरं, आणि कडेला कुंकवाचं बोट लागलेलं.

तो परत घ्यायला त्यानं हात पुढं केला. मी कागद उघडला, त्याच्यापुढं धरला. सगळ्यांसमोर. म्हणलो, वाच. तो म्हणला, यशवंता, जाऊ दे. मी म्हणलो, साबांना सांग काय लिहिलंय, तूच सांग. मग तो खाली बघून म्हणला, इसको बंद नक्को करना, लिखा है. मी म्हणलो पुढची ओळ.

कोई भी बोले तो भी.

डॉक्टरांनी कागद बघितला. माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं. बंद करो म्हणणारे तेच होते. मला वाटलं आता काहीतरी होणार. सात जन्माची आशा होती माझ्या मनात त्या क्षणाला, की कुणीतरी म्हणंल, यशवंत, आमचं चुकलं. डॉक्टर म्हणले, ठीक है ठीक है, चालू हो गई ना, पेशंट खड़े हैं, जाओ सब. आणि गेले. सगळे गेले. खरं बाहेर आलं की काहीतरी होतं असं मला वाटायचं. काही होत नाही. पेशंट खड़े हैं.

दिगंबर थांबलाता. म्हणला, डॉक्टरसमोर बंद करू नका म्हणायची माझी हिंमत झाली नाही, आणि सकाळी घाबरलो, तोंडाला आलं ते बोललो. मी म्हणलो, घाबरून माणूस मला माहीत नाही म्हणतो, मी केलं नाही म्हणतो. तुझ्या तोंडाला हेच कसं आलं? त्या दिवसापासून डबा वेगळा. त्याला कुणी काढलं नाही, मला कुणी काढलं नाही, अजून पाच वर्षं एका खोलीत काम केलं, स्विच, केबल, रिपोर्ट एवढंच बोलायचो. पुढच्या दसऱ्याला डॉक्टरांनी हार लांबूनच घातला, मशीन चालू ठेवून.

आता माझं दिलसुखनगरला दुकान आहे, कॉम्प्युटर दुरुस्तीचं. लोक मेलेल्या डिस्क घेऊन येतात, फोटो गेले म्हणतात, हिशेब गेले म्हणतात, मी आधी कान लावतो. वडील गेले, आई गेली. दिगंबर आहे, गुडघे गेलेत त्याचे, मुलाकडं राहतो. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातानं पाकिटात पानं पाठवतो. मी ठेवून घेतो. परत पाठवत नाही, आणि त्याच्याकडं जातही नाही. त्याचं बरं होवो, मनापासून म्हणतो, त्याच्या पोरांचं बरं होवो. पण ते वाक्य माझ्या कानातून गेलं नाही, इतकी वर्षं झाली.

तो कागद मी फेकला नाही. दुकानात स्विचबोर्डच्या वर लावलाय, काचेत, तो बघा, लाल रंग उडालाय, कुंकू मात्र तसंच आहे. मागच्या महिन्यात माझी नात आली होती दुकानात, सहावीत आहे, तिला मराठी वाचता येत नाही, माझी आई असती तर कॅलेंडर घेऊन बसली असती. तिनं विचारलं, नाना, उसमें क्या लिखा है?

मी म्हणलो, आपल्या धर्माचं आहे काहीतरी.